कोनाची व्हय वो तू?

पिलू,

मराठी शाळेच्या वहीत तू प्रश्न लिहिलास ना, 'आजोळी सगळे मला कोनाची कोनाची असं का विचारत होते, मी काय वस्तू आहे का', तो बाईंनी मला दाखवला आणि मी पार्किंगमध्ये उभी राहून दोनदा वाचला. गाडीत मी नुसतं 'अगं तिथे तसंच विचारतात' म्हणाले, पण ते काही उत्तर झालं नाही, म्हणून आता लिहितेय. सावकाश वाच, अडलं तर विचार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मामांनी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' म्हटलं तेव्हा तू विचारलंस, बैलांना मराठी कळतं का. कळतं गं, हाक मारली की मान वळवतात ते. मग दुसऱ्या दिवशी पोळा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा मुलांचा तान्हा पोळा, जो नागपूरच्या दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असं आमच्याकडे सांगतात. आपल्या गावाजवळ सिंदी रेल्वेला तर लाकडाचे नंदी एवढाले असतात की ओढायला मोठी माणसं लागतात. तुझा नंदी वीतभर, माझ्या लहानपणचा, एक शिंग तुटलेला, पण आबांनी त्याला रात्री बसून तेल लावलं आणि चाकांत नवीन खिळे ठोकले, आठवतं ना?

तुला वाटलं हे हॅलोविनसारखं, आणि बरोबरच वाटलं, दारोदार नंदी न्यायचा, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घ्यायचा. पण न्यू जर्सीत ३१ ऑक्टोबरला दार उघडतं, चॉकलेट पडतं, दार लागतं, तू कोणाची हे कोणी विचारत नाही, आणि अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही हे मीच तुला शिकवलंय. आजोळी पहिल्याच ओट्यावर म्हातारी म्हणाली, 'कोनाची व्हय वो तू, माय?' आणि तू ठणकावून सांगितलंस, 'मी कोणाचीच नाही, मी माझीच आहे.'

पिलू, त्या म्हातारीच्या काळजात धस्स झालं असेल गं. कोणाचंच नसलेलं लेकरू तिने ऐंशी वर्षांत पाहिलं नव्हतं, तिला वाटलं पोरगी हरवली, बिचारीला आपल्या माय-बापाचं नावही सांगता येत नाही. तिने तुला ओट्यावर बसवलं, हातात गुळाचा खडा दिला, नातवाला गाडीवर पिटाळलं आणि पाच मिनिटांत मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून आवाज, 'एक पोट्टी सापडली, लाल फ्राक आहे, संग नंदी आहे, ज्याची असन त्यानं घेऊन जावं.' मी पुरणाचे हात तशीच धावत सुटले. पोचले तर पंधरा-वीस माणसं तुझ्याभोवती, सगळ्यांचा एकच प्रश्न, आणि तू नंदी पोटाशी धरून ओठ घट्ट मिटून बसलेली.

तेवढ्यात मोठे मामा आले आणि पहिलं काम काय केलं तर वाकून तुझ्या पाया पडले, आणि तू 'सॉरी! सॉरी!' करत पाय वर घेतलेस. आपल्या घरी भाची मानाची, तिच्या पाया मामाच पडतो. पण त्या एका पाया पडण्याने गावाला उत्तर मिळालं, 'अरे, भाची व्हय हे! मास्तरची नात!' आणि मग तुझ्या नंदीपुढे बोजारा किती पडला ते तूच मोजलंस.

तर वस्तू नाही गं. आपल्या गावात घरांना नंबर लावून कोणी ओळखत नाही, घर माणसांवरून ओळखतात. कोणाची, म्हणजे पाऊस आला तर तुला कोणत्या घरी पोचवायचं, पडलीस तर कोणाला हाक मारायची. मी दहावीपर्यंत मास्तरची लेक होते, माझं नाव अर्ध्या गावाला माहीतच नव्हतं, आणि नागपूरला होस्टेलवर गेले तेव्हा आठ दिवस हा प्रश्न कोणी विचारला नाही तर मी रडले होते. हां, कधी कधी हेच विचारून माणसाची जात काढतात, ते मला अजिबात आवडत नाही, त्याबद्दल तू थोडी मोठी झालीस की नक्की बोलू.

आणि तुझं उत्तर चूक नव्हतं. तू तुझीच आहेस. फक्त पुढच्या वेळी त्याला जोडून 'आणि मास्तरची नात' एवढं म्हण.

काल आजीचा फोन होता, ती म्हातारी रोज ओट्यावरून विचारते म्हणे, 'आमची कोनाचीच-नाही कशी हाय?' शनिवारी सकाळी आपण तिला फोन लावू, तिथे तेव्हा संध्याकाळ असते. गूळ आवडला होता हे तिला तू स्वतः सांग.

तुझी,
आई