भिशीचे तीन लाख आणि उघडी व्हीटेक

प्रश्न : वय ३४. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आणि दोन लेथ. कोल्हापुरात एक २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक ८५,००० रुपयांत मिळते आहे. आधीच्या मालकाने रेसिंगसाठी म्हणून ती पूर्ण उघडली आणि तशीच ठेवली. आत सीट नाहीत, डॅशबोर्ड नाही, वायरिंग पोत्यात भरलेलं आहे. ट्रॅकवर पळवायची गाडी स्वतः बांधायची हे कॉलेजपासूनचं स्वप्न आहे. शेल (गाडीचा सांगाडा) ८५, इंजिन ८०, सस्पेन्शन ७०, रोल केज (आतला पाइपांचा पिंजरा) ४५, रिम-टायर ६०, सीट-पट्टे ५०, रंग २५, किरकोळ २० हजार, असा ४,३५,००० चा हिशेब काढलाय. मजुरी माझीच. भिशीचे तीन लाख नुकतेच लागले आहेत, उरलेल्या दीड लाखासाठी आईच्या पाटल्यांवर कर्ज काढीन म्हणतो. वर्कशॉपमधून महिना ६०,००० घरी आणतो, पत्नीचा पगार २८,०००. घरखर्च ५५,०००, भिशी १५,०००, एसआयपी ८,०००, मुलीचं सुकन्या ५,०००, बाकी विम्याचे हप्ते. एफडी दोन लाखांची. टर्म विमा ५० लाखांचा. घरी अजून बोललो नाही. घेऊ का?

उत्तर :

ही गाडी आत्ता घेऊ नका. स्वप्न मात्र सोडू नका. पुढे जे लिहितोय ते ते स्वप्न टिकावं म्हणूनच.

आधी भिशी. तुमच्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली. वीस जणांची भिशी, महिना १५,०००, नवव्या महिन्यात चिठ्ठी लागली, असं तुम्ही पत्राच्या इथे न छापलेल्या भागात लिहिलंय. म्हणजे आजवर तुम्ही भरले १,३५,०००. अजून अकरा हप्ते बाकी आहेत, त्यांचे १,६५,००० होतात. हातात आलेल्या तीन लाखांतले तुमचे स्वतःचे १,३५,०००च. उरलेले, अजून चिठ्ठी न लागलेल्या अकरा जणांनी तुमच्यावर विश्वास ठेवून आगाऊ दिलेले आहेत. बिनव्याजी असले तरी ते कर्जच. आपल्याकडे भिशी लागली की लोक पेढे वाटतात. त्यात गैर काही नाही, पण लागलेली रक्कम बक्षीस नसते हे वहीत लिहून ठेवायला हवं.

आता पाटल्या. तुमच्या घरात दरमहा ८८,००० येतात आणि तुमच्याच आकड्यांनी ८३,००० ठरलेल्या जागी जातात. राहिलेल्या पाच हजारांत विम्याचे हप्ते. दीड लाखाच्या सोनेतारणाला १० टक्के धरलं तरी वर्षाचं व्याज १५,००० होतं, आणि तेवढीही जागा या घरात नाही. ऑर्डर आल्या की फेडीन म्हणाल. पण जॉबवर्कचं पेमेंट साठ-नव्वद दिवस अडकतं हे तुम्हीच लिहिलंय. मुद्दलाला हात न लागता कर्ज नूतनीकरण होत राहतं, आणि तिसऱ्या वर्षी आईच्या पाटल्या सोडवायला दुसरं कर्ज काढावं लागतं. अशी घरं मी तासगाव, मिरज, विश्रामबाग सगळीकडे पाहिली आहेत. छंदासाठी आईचं सोनं गहाण पडू नये, एवढं मी ठामपणे सांगेन. इथे माझ्याकडे दुसरा पर्याय नाही.

तुमच्या यादीबद्दल बोलतो, कारण कारागीर म्हणून तुम्हाला तेच जास्त पटेल. यादी चांगली आहे, पण ती गाडीची आहे, गाडीत बसणाऱ्या माणसाची नाही. हेल्मेट, मान सांभाळणारं हान्स, आगीला टिकणारा सूट, हातमोजे, बूट, आग विझवण्याचा सिलिंडर यांपैकी एकही त्यात नाही. दर्जाचं घ्यायचं तर माझ्या अंदाजाने त्यालाच एक लाख. पोत्यातलं वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) पुन्हा उभं करायला ४०, क्लच-गिअरबॉक्सला ३५, ब्रेकला ३० हजार. हिशेब ६,४०,००० वर गेला, आणि मजुरीला अजून हात लावलेला नाही. तुमच्या व्हीएमसीचा तासाचा दर तुम्ही ३५० लिहिलाय. या गाडीवर १२० तास गेले तर ४२,००० रुपयांचं काम तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलं नाहीत असा त्याचा अर्थ. मशीन रिकामं असेल तेव्हाच करीन म्हणता, पण बँकेचा हप्ता मशीन रिकामं आहे का ते बघत नाही.

सीट आणि पट्टे जुन्या बाजारात स्वस्त मिळतात म्हणून ५०,००० धरलेत, तिथे सावध राहा. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संस्थेच्या ८८५३-२०१६ मानकाच्या पट्ट्यांवर मुदत छापलेली असते. ८८५५-१९९९ च्या सीटलाही बनवल्यापासून पाच वर्षांची मुदत असते. मुदत गेलेला पट्टा तपासणीत नाकारला जातो आणि पैसे पाण्यात जातात. केजचंही तसंच. तुमचं वेल्डिंग उत्तम असेल यात मला शंका नाही, पण पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेसच हवा. मुख्य कमानीला ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी आणि २ मिमी. कंपाउंडला वापरतो तो शिवणीचा पाइप कितीही जाड घेतला तरी चालत नाही. माल विकत घेण्याआधी आपल्या देशातल्या मोटर शर्यतींच्या फेडरेशनच्या त्या वर्षीच्या नियमपुस्तकातला तक्ता पुढ्यात ठेवा.

आणि शर्यत कुठल्या गटात खेळणार आहात? हे पत्रात कुठेच नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय स्पर्धेत टूरिंग कारचे वेगवेगळे गट असतात आणि प्रत्येकाचे इंजिनाचे, वजनाचे, बदलांचे नियम ठरलेले असतात. गट आधी निवडावा, मग गाडी. तुम्ही गाडी आधी निवडली आहे, तीही २००३ मध्ये बंद झालेली. १०६ हॉर्सपॉवरच्या त्या व्हीटेकचा आवाज मलाही आवडतो. पण तिचा एक सेन्सर किंवा एक ब्रॅकेट शोधायला तुम्ही पुण्या-मुंबईची भंगाराची दुकानं पालथी घालाल.

कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांचं काम तुम्हाला माहीत असेलच. मारुती ८०० चं इंजिन घेऊन त्यांनी एकआसनी फॉर्म्युला मारुती बांधली, कारण त्या इंजिनाचे पार्ट गल्लोगल्ली मिळत होते. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले, आणि २००३ पासून कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे त्यांच्या नावाने चालतो. आपल्या देशात कमी पैशांत शर्यत झाली ती अशीच, साध्या इंजिनावर. तुम्हाला गाडी बांधायचीच असेल तर पेट्रोल स्विफ्ट किंवा जुनी एस्टीम घ्या. क्लच प्लेट गेली तर शंभर फुटी रस्त्यावरून तासाभरात आणाल.

मात्र माझी खरी काळजी बांधण्याच्या खर्चाची नाहीच. आपल्या भागात बैलगाडा शर्यतीचा नाद असलेली घरं तुम्ही पाहिली असतील. बैल लाखांत येतो, पण घर थकतं ते खुराकाने. ट्रॅकच्या गाडीचं अगदी तसंच आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सांगलीहून एका बाजूला साडेनऊशे-हजार किलोमीटर, कोइम्बतूरही साधारण तेवढंच. ही गाडी रस्त्याने चालवत नेता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असे बदल करता येत नाहीत, आणि केले तर प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे फ्लॅटबेड (गाडी लादून नेणारा ट्रक) आलाच. मी इथल्या एका वाहतूकदाराला विचारलं, येऊन-जाऊन ५०,००० च्या खाली तो यायला तयार नाही. तिघा-चौघांचं तीन रात्रींचं राहणं-जेवण १५,०००. प्रवेश फी, पेट्रोल, ऑइल, ब्रेक पॅड, टायरची झीज मिळून ३०,००० तरी. एका खेपेला ९५,००० रुपये, तेही काही तुटलं-फुटलं नाही तर. वर्षात तीन खेपा म्हणजे जवळपास तीन लाख.

तळेगावजवळ नाणोलीचा ट्रॅक आहे, तो तुमच्यासाठी मोठाच आधार. सरावाचा दिवस, फी, कुठल्या गाड्या चालतात हे आधी फोन करून नीट विचारा. सरावासाठी चेन्नई गाठावी लागली नाही तर सगळं गणितच सुधारतं.

विम्याबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत, वेगचाचणी असा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी आपटली तर तो खर्च तुमचाच. आरोग्य विम्यात मोटर रेसिंगसारख्या खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेतला तर उपचाराचा खर्च वगळण्याचं कलम असतं. तुम्ही व्यावसायिक नाही, तरीही तुमच्या पॉलिसीचे शब्द वाचा आणि कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. वैयक्तिक अपघात विम्याचंही तेच करा. टर्म विम्याच्या अर्जात धोक्याच्या छंदांबद्दल काय उत्तर दिलं होतं ते काढून बघा. आणि पाच वर्षांची मुलगी, मशीनचं कर्ज, हे सगळं असताना ५० लाख मला कमी वाटतात. नवा विमा घ्याल तेव्हा हा छंद अर्जात स्पष्ट लिहा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल.

टायर आणि पार्ट फर्मच्या नावावर घेऊन जीएसटीचं क्रेडिट घेता येईल का, असंही विचारलंय. नाही. हा तुमचा खासगी खर्च आहे, वर्कशॉपच्या वहीत तो येता कामा नये.

मग पैशाचं काय करायचं? १,६५,००० ची आजच वेगळी एफडी करा. भिशीचे हप्ते पगारातून जातातच, तसेच जाऊ देत. जुनी दोन लाखांची आणि ही, मिळून ३,६५,००० होतात, म्हणजे घरखर्चाचे सहा महिने भरून वर थोडे राहतात. अकरा महिन्यांत कधी पेमेंट अडकलं तर भिशीचा हप्ता यातून भरा. एकोणीस जणांसमोर मान खाली जाणार नाही. भिशी संपली की ही सगळी रक्कम घराची.

राहिलेले १,३५,००० खुशाल तुमच्या नादाचे. त्यातून पहिले ५०,००० हेल्मेट, हातमोजे, बूट यांना, कारण हे सामान कुठल्याही गाडीत उपयोगी पडतं. मग कोल्हापूरला कार्टिंगचे चार-सहा दिवस करा. तिथल्या मोहिते रेसिंगच्या ट्रॅकमुळे ही सोय आपल्या उंबऱ्यात आहे. त्यानंतर एखाद्या रेसिंग स्कूलचा कोर्स करा, फेडरेशनचं लायसन्स काढा आणि शक्य झालं तर भाड्याच्या गाडीत एक तरी शर्यत खेळा. पहिल्या वळणावर ब्रेक कुठे मारायचा ते कळल्यावर तुम्ही सस्पेन्शनवर कमी आणि ब्रेकवर जास्त खर्च कराल, याची मला खात्री आहे.

अकरा महिन्यांनी भिशीचे १५,००० मोकळे होतील. त्यातले ७,००० एसआयपीत आणि ८,००० गाडीच्या वेगळ्या खात्यात टाका. वर्षाला ९६,०००. तुमचा खुराक एवढाच. यात चेन्नईची एक खेप बसते, किंवा जवळच्या ट्रॅकवरचे काही दिवस. यात मावत नसेल तर जोडीदार शोधा. शर्यतीच्या जोडीत एक बैल एकाचा आणि दुसरा दुसऱ्याचा असतो, तसंच. पैसा आणि फ्लॅटबेड त्याचा, पिंजरा आणि मशीनकाम तुमचं, स्टिअरिंग आलटून-पालटून. गाडी कुणाच्या नावावर, आपटली तर कोण भरणार, एकजण बाहेर पडला तर किती घेणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दोघांनी सही करा. कुणी पूर्ण बांधलेली रेस कार विकायला काढली तर तीही बघा. तिच्या मालकाने घातलेले सगळे पैसे विकताना सुटत नाहीत, आणि तो फायदा घेणाऱ्याचा असतो.

मीही २००९ मध्ये एक उघडलेली येझदी रोडकिंग ९,००० ला घेतली होती. ती चालू व्हायला तीन वर्षं आणि ४१,००० रुपये लागले. त्या तीन वर्षांत घरात गाडीचा विषय निघाला की सगळे गप्प व्हायचे. पैशापेक्षा मला ते जास्त लागलं. कारण मीही आधी घरी सांगितलं नव्हतं. तुम्ही आज रात्रीच पत्नीला हे पत्र आणि तुमची यादी दाखवा. आईलाही सांगा, पाटल्यांचा विचार मनात आला होता हेसुद्धा.

कोल्हापूरच्या शेलवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. तो ६०,००० वर आला तरी थांबा. आणि पुढे कुठलंही शेल बघाल तेव्हा टोकन देण्याआधी चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा, बँकेचा बोजा उतरलाय का ते तपासा, आणि गाडी आजच्या मालकाच्याच नावावर आहे ना याची खात्री करा. वीस वर्षांपुढच्या मोटारीची नोंदणी नुसती चालू ठेवायलाच १०,००० फी आहे. फक्त ट्रॅकवर नेणार असाल तर ती नोंदणी ठेवायची की रीतसर रद्द करायची, हे आरटीओत विचारूनच व्यवहार करा. भिशीचा शेवटचा हप्ता भरलात की गाडीच्या खात्यातली शिल्लक आणि निवडलेला गट मला कळवा. त्या वेळी पार्टची यादी घेऊन आपण पुन्हा बसू.