नोकरी आणि घर सांभाळताना बौद्ध सजगता रोज कशी साधावी?

ध्यानासाठी वेगळा वेळ मिळत नसेल तरी सजगता साधता येते का, असा आपला प्रश्न आहे. निश्चित येते, कारण सतिपट्ठान सुत्तात (सजगतेवरील बुद्धांच्या प्रवचनात) श्वासाबरोबरच चालणे, वाकणे, खाणे-पिणे, बोलणे आणि गप्प राहणे या क्रियाही जाणीवपूर्वक करण्यास सांगितले आहे. सकाळी चहाचा कप हाती घेतल्यावर त्याची ऊब, पहिला घोट आणि तेवढ्यात कामाकडे धावलेले मन, एवढे पाहिले तरी सुरुवात होते. मन भटकणारच, ते भटकल्याचे ध्यानात येणे हाच अभ्यास आहे, म्हणून स्वतःवर चिडू नये.

खरी कसोटी रागाच्या वेळी लागते. कोणी टाकून बोलले की छाती धडधडते, कान तापतात. ही वेदना (पालीत या शब्दात सुखद अनुभूतीही येते) उमटून विरताना पाहिली, तर उत्तर देण्यापूर्वी क्षणभर उसंत मिळते आणि माझ्या अनुभवात करुणेला वाव तिथेच मिळतो. इगतपुरीच्या धम्मगिरीतील १० दिवसांच्या विपश्यना शिबिरातही मैत्रीभावना, म्हणजे सर्वांचे मंगल चिंतण्याची साधना, दहाव्या दिवशी शिकवतात. घरी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे आधी स्वतःचे, मग आप्तांचे आणि शेवटी ज्याच्याशी पटत नाही त्याचे मंगल चिंतावे.