समुद्रावर न जाता उथळ समुद्राचा तळ मोजता येतो का?

तुम्ही विचारलंय की धुळ्यात राहून भूगोलाची एम.एस्सी. करताय, समुद्र लांब, मग उपग्रहाच्या प्रतिमांवरून किनाऱ्याजवळच्या तळाचा नकाशा घरबसल्या होईल का. नकाशा होईल. तो खरा आहे की नाही, हे घरी बसून कळणार नाही.

मी पारोळा तालुक्यातला. हा विषय घेतला तेव्हा आप्पा म्हणाले होते, "आपला गावमा पेवाले पानी नही, नि तू समुद्रना तय मोजस?" पण मालवणला जायचे पैसे त्यांनीच दिले, कापूस विकून. माझ्या मार्गदर्शकांनी मात्र होडीच्या भाड्याचा अर्ज परत केला. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमा फुकट मिळतात, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या पट्ट्यांचं लॉग गुणोत्तर (दोन्हींच्या लॉगॅरिदमचा भागाकार) काढा, सागरी नकाशावर (चार्टवर) छापलेल्या खोलीच्या आकड्यांशी जुळवा, समुद्रावर जायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

पाण्यात हिरवा प्रकाश निळ्याच्या आधी विझतो, त्यावर ही 2003 ची स्टंफ या संशोधकाची रीत उभी आहे. गुणोत्तर घेतलं की तळाचा रंग कटतो, असं कागदावर. माझ्या नकाशात खडकाळ किनाऱ्यालगतचा एक गडद पट्टा सहा मीटर खोल दिसत होता. होडीवाल्या काकांनी तिथं शिसं बांधलेली दोरी सोडली आणि म्हणाले, "एक वाव पण नाय हा." (वाव म्हणजे साधारण सहा फूट.) खाली खडक होता आणि त्यावर सरगॅसम या समुद्री शेवाळाचं तपकिरी रान. गडद तळावरून उजेड फारसा परत येत नाही, आणि गणित त्यालाच खोली समजतं. माझ्या नकाशावर भरवसा ठेवून कुणी तिथून होडी नेली असती तर ती फुटली असती. आप्पा विहिरीत दोराला दगड बांधून सोडायचे आणि पाणी किती परस (पुरुषभर उंची) ते सांगायचे. काकांची दोरी पाहताना मला तेच आठवत होतं.

तोंडी परीक्षेत मार्गदर्शक म्हणाले, आर-स्क्वेअर (नकाशातली आणि चार्टवरची खोली किती जुळते त्याचा आकडा, 1 म्हणजे पूर्ण) 0.9 आलाच होता, उगाच गेलास. सर, ते सगळे बिंदू वाळूवरचे होते. खडकावर एकही नव्हता. तेव्हा माझ्या तोंडून हे निघालं नाही, म्हणून आज लिहितोय.

आपली तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते म्हणून खंबातचं आखात मात्र निवडू नका. तिथल्या गढूळ पाण्यात उजेड तळापर्यंत पोचतच नाही. प्रतिमा पावसाळा संपून पाणी निवळल्यावरची घ्या. उपग्रह साधारण सकाळी अकराच्या सुमारास जातो, त्या वेळी भरती किती होती ते काढा आणि दोरीने मोजलेले आकडे त्याच पातळीवर आणा. हे विसरलात तर एक-दोन मीटरची चूक नुसत्या भरतीमुळेच होते.

एक मान्य करतो. लक्षद्वीपच्या प्रवाळी खाजणासारखं (लगूनसारखं) नितळ पाणी असेल तर होडीशिवायही बरंच जमतं. 2018 मध्ये सोडलेल्या नासाच्या आइससॅट-2 उपग्रहाचा हिरवा लेझर स्वच्छ पाण्यात जवळपास 40 मीटरपर्यंतचा तळ टिपतो, आणि ती माहितीही फुकट आहे. पण तो त्याच्या वाटेखालच्या रेषेपुरताच मोजतो. तुमचा खडक त्या रेषेत येईलच असं नाही.

जागा मालवणची ठरली तर होडी सकाळचीच ठरवा, दुपारी वारा उठला की दोरी सरळ खाली जात नाही.