एका देशाचं नाव घेऊन

चिरंजीवास प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. 'प्रभू, सर्व राष्ट्रांना आशीर्वाद दे' हे रोज तोंडाने म्हटलं जातं, पण मन त्यात नसतं, असं तू लिहिलं आहेस. मन लागणार तरी कसं? सर्व राष्ट्रं एकदम कुणाच्याच डोळ्यांपुढे उभी राहत नाहीत. एक देश घे, आणि निदान वर्षभर तोच धर.

समज, जपान घेतलास. गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेविअर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला. पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, छळ झाला. तरी काही कुटुंबांनी एकही धर्मगुरू नसताना दोनशेहून अधिक वर्षं पोरांचे बाप्तिस्मे केले, प्रार्थना पाठ ठेवल्या, आणि १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये येऊन आपली ओळख सांगितली. आजही तिथे ख्रिस्ती माणूस शंभरात एखादाच. हे कळल्यावर प्रार्थनेची सुरुवात आभाराने होते. मग त्या लहान, वय झालेल्या मंडळ्यांसाठी आणि त्यांच्या पाळकांसाठी मागणं येतं. ज्यांच्यासाठी मागायचं त्यांना कमी लेखून मागू नये, हेही तेव्हाच उमगतं.

आपल्या प्रार्थनेने दूरदेशी काय होणार, असंही तू विचारलंस. केडगावची गोष्ट नीट वाच. वेल्समधल्या संजीवनाची, म्हणजे मंडळ्यांत विश्वास नव्याने पेटून उठल्याची, बातमी ऐकून पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत केडगावच्या आपल्या मुक्तिसदन या आश्रमात खास प्रार्थना सुरू केली. सुरुवातीला सत्तरेक जणी, मग शेकडो. त्यातल्या कितीतरी दुष्काळातून वाचलेल्या मुली, काही बालविधवा. जगाच्या हिशेबात ज्यांना मोजलंच नव्हतं, त्या पहाटे उठून इतरांसाठी देवापुढे रडत होत्या. जूनमध्ये तिथे पवित्र आत्म्याचं मोठं कार्य झालं. मिनी अब्राम्स ही अमेरिकन मिशनरी बाई रमाबाईंसोबत काम करत होती. तिने या अनुभवावर १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली. तिची जुनी वर्गमैत्रीण दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या वालपराइसोला, मेथडिस्ट पाळक विलिस हूवर यांची पत्नी होती. तिला पुस्तिका पोचली. नवराबायकोने वाचली, मंडळी प्रार्थनेला बसली आणि १९०९ मध्ये तिथे संजीवन आलं. चिलीतल्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळ्यांचा उगम तिथला. केडगावच्या मुलींपैकी कितींनी चिलीचं नाव तरी ऐकलं असेल? मला ही गोष्ट आठवली की आजही गुडघे टेकावेसे वाटतात.

आता काय मागायचं? बायबलमध्ये प्रेषित पौल कलस्सैच्या मंडळीला तुरुंगातून लिहितो, पण तिथे सुटका मागत नाही; वचनासाठी दार उघडावं म्हणून प्रार्थना करा, म्हणतो. तेच आधी माग. मग रोजच्या गोष्टी माग: भाषा शिकताना टिकून राहण्याचं बळ, व्हिसा, मुलांच्या शाळा, आजारपण. मिशनऱ्यांच्या आपसातल्या संबंधांसाठी जरूर माग; पौल आणि बर्णबा यांच्यातसुद्धा वाद इतका विकोपाला गेला की ते वेगळे झाले. माझ्या मते या विषयावर आपल्या उपास-प्रार्थनांत फारच कमी मागितलं जातं. आणि बाहेरून गेलेल्यांपेक्षा तिथल्या विश्वासणाऱ्यांची नावं आधी घे. मिशनरी परत येतात, तिथल्या विश्वासणाऱ्यांना मात्र तिथेच राहायचं असतं.

एक मात्र कटाक्षाने पाळ. जिथे विश्वास कबूल करणं धोक्याचं आहे, तिथल्या कुणाचं नाव, फोटो, गावाचा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रार्थना-ग्रुपवर टाकू नकोस, आलेलं पुढे पाठवू नकोस. देवाला नाव ठाऊक आहे. ग्रुपला ठाऊक असण्याची गरज नाही.

कोणता देश घेतलास ते कळव, म्हणजे मीही संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेईन.