शाळकरी मुलांची आंघोळ: पाणी रोज, साबण मोजक्याच जागी

शाळा सुरू झाल्या की आंघोळीबद्दलची पत्रं वाढतात. सकाळची घाई, मुलांची टाळाटाळ, आजी-आजोबांचे नियम, परदेशातल्या नातेवाइकांचे सल्ले असं सगळं त्यात असतं. त्यातले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (ठाणे): मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. माझा भाऊ अमेरिकेत असतो. त्यांच्या डॉक्टरांनी मुलांना आठवड्यातून दोनदा आंघोळ पुरे म्हणून सांगितलंय. इथे सासूबाई आंघोळीशिवाय नाश्ता देत नाहीत. खरं काय?

उत्तर: भावाच्या डॉक्टरांनी चुकीचं काही सांगितलेलं नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असाच आहे: ६ ते ११ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून किमान एक-दोनदा आंघोळ, शिवाय मूल चिखलात खेळलं, पोहून आलं, घामाघूम झालं किंवा अंगाला वास यायला लागला तर त्या त्या वेळी. वयात येऊ लागल्यावर मात्र रोज. यातला ‘किमान’ हा शब्द निरोप पोचेपर्यंत गळून पडतो. दुसरं म्हणजे हवा. हिवाळ्यात तिकडची घरं हीटरने तापलेली, हवा कोरडी. ठाण्यात पावसाळ्यापूर्वी हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही. वर गणवेशाचं टेरिकॉट, दिवसभर बूट-मोजे, येता-जाता रिक्षा आणि रस्त्याची धूळ. घाम आणि वास या शेवटच्या दोन अटी इथलं मूल जवळजवळ रोजच पूर्ण करतं. तेव्हा आपल्याकडे रोज एकदा आंघोळ हे बरोबरच आहे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात खेळून आल्यावर दुसऱ्यांदा नुसतं पाणी घ्यायलाही हरकत नाही.

आमचा आक्षेप रोजच्या पाण्यावर नाही, रोज डोक्यापासून पायापर्यंत फासलेल्या साबणावर आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचं माप) ५ च्या आसपास असतो. साध्या साबणाचा ९ ते १० असतो. साबणाने घामासोबत त्वचेचं स्वतःचं तेलही जातं आणि ते भरून यायला काही तास लागतात. दिवसातून दोनदा सर्वांगाला साबण लावला की नडग्यांवर पांढुरके ओरखडे उमटतात, कोपर खरखरीत होतं आणि मूल रात्री खाजवत बसतं. मग ‘नीट आंघोळ करत नाहीस’ म्हणून आणखी साबण लागतो.

साबण रोज लागतो तो काखा, जांघा, बसायची जागा, मान-कानामागचा भाग आणि पाय, एवढ्यांना. पायांच्या बोटांच्या बेचक्या विसरू नका. पोट, पाठ, दंड, मांड्या, नडग्या यांना माती लागलेली नसेल तर पाणी आणि तळहात पुरतो. घासणी, नायलॉनची जाळी नको. वजरी मोठ्यांच्या टाचांसाठी ठेवा. आंघोळ पाच-सात मिनिटांची, पाणी कोमट. अंग पंच्याने घासून न पुसता टिपून घ्यावं, बेचक्या आणि जांघा पूर्ण कोरड्या कराव्यात. ओलसर राहिलेल्या घडीतच बुरशी धरते. गजकर्णाची सुरुवात बऱ्याचदा तिथून होते. गजकर्ण झालंच तर औषधाच्या दुकानातून ‘खाजेचं मलम’ आणू नका. अशा बऱ्याच मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि चट्ट्याचं रूप बदलल्यामुळे पुढे निदानही अवघड होतं.

चड्डी, बनियन आणि मोजे रोज बदलणं हे आंघोळीइतकंच महत्त्वाचं आहे. आंघोळ करून कालचीच चड्डी घालणाऱ्या मुलापेक्षा आंघोळ बुडवून धुतलेली घालणारं मूल परवडलं.

राहता राहिली वेळ. दुपारच्या शाळेच्या मुलांची सकाळची आंघोळ ठीक आहे. सकाळी सातच्या शाळेसाठी थंडीत सहाला उठवून न्हाऊ घालण्यापेक्षा संध्याकाळी खेळून आल्यावर आंघोळ आणि सकाळी तोंड-हात-पाय धुणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. दिवसभराची धूळ अंथरुणात जात नाही आणि झोपही पूर्ण होते. सासूबाईंशी या मुद्द्यावर तह होऊ शकेल.

प्रश्न (अहिल्यानगर): आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. साबणाला फेस येत नाही, अंग चिकट राहतं. मुलांसाठी जंतुनाशक साबण घ्यावा का?

उत्तर: जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्निग्धाम्लांशी मिळून न विरघळणारी साय तयार करतं. बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो तो हाच, आणि अंगावरचा चिकटपणाही हाच. फेस येत नाही म्हणून साबण वाढवला की सायही वाढते. अशा पाण्याला नेहमीचा साबण सोडून ‘सिंडेट’ प्रकारची वडी वापरावी. ती साबणाची नसते, तिचा सामू ५.५ च्या आसपास असतो आणि जड पाण्यात तिची साय होत नाही. महाग पडते, पण वर सांगितलेल्या जागांपुरतीच वापरली तर बरीच टिकते. मोरीत पाण्यात पडून राहिली तर मात्र विरघळून जाते, म्हणून जाळीदार साबणदाणी हवी.

सिंडेट परवडत नसेल तर वेष्टनावर टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थांचं प्रमाण पाहा. भारतीय मानकांनुसार ७६ टक्के किंवा अधिक असेल तर तो पहिल्या प्रतीचा साबण. ‘बेदिंग बार’ लिहिलेल्या वड्यांत ते बरंच कमी चालतं. लिंबू, चंदन, गुलाब हे वासाचे प्रकार आहेत, त्यावरून प्रत ठरत नाही. कोरड्या त्वचेच्या मुलांना बिनवासाचा उत्तम.

जंतुनाशक साबणाची निरोगी मुलाला गरज नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक असलेल्या घरगुती जंतुनाशक साबणांच्या विक्रीला मनाई केली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं.

आणि साबणाऐवजी डाळीचं पीठ किंवा उटणं? दिवाळीच्या अभ्यंगाला तेल-उटणं जरूर लावा. रोज मात्र नको. भरड उटण्याने कोरड्या त्वचेवर बारीक ओरखडे पडतात.

प्रश्न (लातूर): उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. तीन मुलांना रोज आंघोळ शक्य नाही. कशात काटकसर करावी?

उत्तर: ज्या शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या वाचकांना आम्ही पाणी वाचवायला काय शिकवणार! पण एका मुलाची पुरेशी आंघोळ पाच-सहा लिटरमध्ये, म्हणजे साधारण पाव बादलीत होते. शॉवर तेवढं पाणी मिनिटभरात संपवतो.

मुलाला घमेल्यात किंवा टबात उभं करा. आधी एका मगाने तोंड, कान, मान धुऊन घ्यावी. मग पंच्याचा एक तुकडा भिजवून, पिळून, त्याने पाठ, पोट, हात पुसावेत. इथे साबण नाही, त्यामुळे धुऊन काढायला पाणीही लागत नाही. साबण फक्त काखा, जांघा, बसायची जागा आणि पाय यांना, याच क्रमाने. मग दोन-तीन मग पाणी खांद्यावरून सावकाश ओतायचं. पाणी वरून खाली वाहताना पायही धुतले जातात. उरलेलं मगभर पाणी फक्त जांघांसाठी, साबण तिथे राहिला तर चुणचुण होते. घमेल्यात जमलेलं पाणी संडासात टाकायला येतं. पंच्याचा तुकडा प्रत्येकाचा वेगळा ठेवा आणि कडक उन्हात वाळवा. घरात कुणाला खरूज असेल तर हे सांभाळायलाच हवं.

याहूनही ओढ असेल तर दिवसाआड आंघोळ आणि मधल्या दिवशी फक्त ‘साबणाच्या जागा’ धुणं चालेल. केस आठवड्यातून एकदा धुतले तरी बिघडत नाही. काटकसर करायची नाही ती हात धुण्यात. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने धुतलेले हात मुलाला आजारांपासून जितकं वाचवतात, तितकं आंघोळ वाचवत नाही.

प्रश्न (कोल्हापूर): ११ वर्षांच्या मुलाची मान काळी पडलीय. रोज घासते, पण मळ निघत नाही. काखेतही तसंच आहे.

उत्तर: घासणं आजच थांबवा. मळ असता तर दोन दिवसांत निघाला असता. मानेमागे आणि काखेत मखमलीसारखी जाडसर, काळसर झालेली त्वचा बहुतेक वेळा शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असते. वजन जास्त असलेल्या मुलांत ती वाढत्या प्रमाणात दिसते. घासल्याने त्वचा आणखी जाड आणि काळी होते. मुलाची उंची, वजन, रक्तदाब आणि रक्तातली साखर बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. उपचार आहार, खेळ आणि वजन यांवर करायचा असतो. तो लागू पडला की मान हळूहळू उजळते. मुलाला ‘मळकट’ म्हणणंही बंद करायला हवं, कारण त्याने आंघोळीत काही हयगय केलेली नाही.

प्रश्न (नाशिक): ताप, सर्दी, कांजिण्या असताना आंघोळ घालावी का? घरात सगळे नाही म्हणतात.

उत्तर: घालावी. सर्दी विषाणूंमुळे होते, पाण्यामुळे नाही. तापात मूल गळून गेलं असेल तर जबरदस्ती नको, ओल्या कपड्याने पुसलं तरी चालेल. थंडगार पाणी मात्र वापरू नका, त्याने हुडहुडी भरून ताप उलट चढतो. कांजिण्यांत रोज कोमट पाण्याची छोटी आंघोळ हवीच, कारण खाजवलेल्या फोडांत जंतू शिरले की पू होतो आणि व्रण राहतात. फोड चोळू नका, टिपून कोरडे करा आणि नखं कापून ठेवा. कडुलिंबाचा पाला पाण्यात टाकायचा असेल तर टाका. त्या निमित्ताने का होईना, मुलाला आंघोळ मिळते.

प्रश्न (म्युनिक, जर्मनी): इथे थंडीत मुलीच्या (७ वर्षं) कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत चट्टे येऊन खाज सुटते. आई भारतातून सांगते, रोज मोहरीचं तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घाल.

उत्तर: यातलं एकही नको. वर्णनावरून हा इसब असावा. डॉक्टरांना दाखवून खात्री करा. मोहरीचं तेल आणि कढत पाणी दोन्ही अशा त्वचेला चिडवतात. दिवसाआड आंघोळ चालेल, रोज केली तरी पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. साबणाऐवजी सिंडेट, तेही नेमक्या जागीच.

खरं काम बाथरूममधून बाहेर आल्यावर आहे. अंग टिपून ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचं घट्ट क्रीम किंवा मलम सर्वांगाला लावा. बोटभर लावून भागत नाही. इसबाच्या मुलाला आठवड्याला पाव किलो लागतं, आणि ते आंघोळ नसलेल्या दिवशीही लावायचं असतं. तेलच हवं असेल तर खोबरेल त्यातल्या त्यात बरं. लोकरीचा स्वेटर सुती कपड्यावरूनच घाला.

प्रश्न (पुणे): मुलगा ८ वर्षांचा झाला, आता ‘मी एकटा आंघोळ करणार’ म्हणतो. सोडावं का? आमच्याकडे गॅस गिझर आहे.

उत्तर: सहा-सातव्या वर्षापासून मुलं हे शिकू शकतात आणि त्यांना आडोसा हवासा वाटणं स्वाभाविक आहे. काही दिवस तुम्ही दाराबाहेरून फक्त क्रम सांगा, मग तेही सोडा. पण गिझरचं आधी बघा. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर जळताना प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. चक्कर येऊन माणूस कोसळतो, आणि कडी आतून लावलेली असते. गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवून पाणी नळीने आत घ्या. तोपर्यंत बादली भरा, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडी ठेवून हवा जाऊ द्या आणि मगच मुलाला आत पाठवा. कडी लावायची नाही, दार नुसतं लोटायचं, हा नियम सगळ्या घराला लावा. बादलीत पाणी तापवायची विजेची कांडी मुलांच्या हाती कधीच देऊ नका.

दुसरा धोका भाजण्याचा. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसालाही पाच सेकंदांत खोल भाजतं, मुलाची पातळ त्वचा त्याहून लवकर. विजेचा गिझर असेल तर तो ५० अंशांच्या खाली ठेवा. आपल्याकडे आधी कढत पाणी काढून मग विसण घालतात. मुलांच्या बाबतीत उलटं करा, आधी गार पाणी, मग त्यात गरम. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतलं काही लावू नका.

मुलग्यांनी शिश्नाची त्वचा जेवढी सहज मागे जाते तेवढीच सारून पाण्याने धुवावी. ओढून मागे नेली तर फाटते, व्रण धरतो आणि घट्टपणा वाढतो. या वयात ती पूर्ण मागे जात नसेल तरी बहुतेकांत काळजीचं कारण नसतं. लघवीच्या वेळी फुगा येत असेल किंवा दुखत असेल तर दाखवा. मुलींनी पुढून मागे धुवावं, आत साबण जाऊ देऊ नये. लघवी करताना आग होते म्हणणाऱ्या कितीतरी मुलींच्या तक्रारीमागे साबणच असतो.

प्रश्न (सोलापूर): साडेसात वर्षांच्या मुलीच्या काखेला मोठ्यांसारखा वास येतो. दिवसातून दोनदा आंघोळ घालतो. डिओडरंट चालेल का?

उत्तर: आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हा वास काखेतल्या ज्या घामाच्या ग्रंथींमुळे येतो, त्या वयात येण्याच्या सुमारास जाग्या होतात. मुलींमध्ये ८ आणि मुलग्यांमध्ये ९ वर्षांच्या आत असा वास, काखेत किंवा जांघेत केस, चेहऱ्यावर पुटकुळ्या किंवा उंचीत अचानक वाढ दिसली तर तपासणी लवकर व्हायला हवी. बऱ्याचदा काही गंभीर निघत नाही, पण ते तपासल्यावरच म्हणता येतं. तोवर काखेला साबण एकदाच पुरे. सुती, सैल बाह्यांचा आणि रोज बदललेला कपडा घालावा. डिओडरंट तपासणी होईपर्यंत नको.