एआयकडून चिनी नाव बनवून घ्यावं का?

तुमचं आडनाव कुलकर्णी, कंपनी शांघायला पाठवतेय, आणि एआयने दिलेलं चिनी नाव व्हिजिटिंग कार्डावर छापू का, असं तुम्ही विचारलंय. मी मँडरिन शिकवते. मदत जरूर घ्या, पण आलेलं पहिलंच नाव छापायला टाकू नका.

नुसतं ‘छानसं चिनी नाव दे’ म्हटलं की चंद्र, बर्फ, स्वप्न अशी गोड अक्षरं जोडून मिळतात आणि नाव एखाद्या मालिकेतल्या पात्राचं वाटतं. नावावरून पिढीही कळते. ‘जियानगुओ’, म्हणजे राष्ट्र उभारणारा, हे १९४९च्या आसपास जन्मलेल्यांचं नाव. आजच्या तरुणाला ते शोभत नाही.

अस्सल नाव कसं असतं ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे बघा. १९३८मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि तिथे ‘के दिहुआ’ झाले. ‘के’ हे खरंखुरं चिनी आडनाव, ‘को’च्या जवळचं. ‘हुआ’ म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी ते आहे. कोटणीसांच्या मुलाचं नाव यिनहुआ, त्यातलं ‘यिन’ म्हणजे भारत. ‘के दिहुआ’मध्ये मूळ नावाचा नाद राहिला आणि चीनशी जडलेलं नातंही त्यात आलं. मला हे नाव फार आवडतं.

तुम्हीही आडनावापासून सुरुवात करा. चिनीत ते आधी येतं आणि बहुधा एकाक्षरी असतं. ‘कुलकर्णी’च्या नादाला जवळचं म्हणून तुम्हाला ‘गु’ (Gu) किंवा ‘के’ (Ke) चालेल. एआयला वय, काम, मूळ नावाचा अर्थ सगळं सांगा, पाच-सहा पर्याय मागा आणि प्रत्येकात खोट काढायला लावा: जुनाट वाटतं का, बायकी-पुरुषी घोटाळा होतो का, उच्चारातून भलतंच काही ऐकू येतं का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. ‘दू झतंग’ची तिन्ही अक्षरं कागदावर झकास दिसतात, पण मोठ्याने म्हटलं की ‘पोट दुखतंय’ असं ऐकू येतं.

आणखी एक. आपण आजोबांचं नाव नातवाला कौतुकाने ठेवतो. चिनी घरांत थोरांच्या नावातलं अक्षर लहानांसाठी टाळायची जुनी रीत आहे. म्हणून तिथल्या साहेबांच्या नावातलं अक्षर आदरापोटीसुद्धा उचलू नका.

छापण्याआधी शांघायच्या एखाद्या सहकाऱ्याला नाव आधी ऐकवा, मग लिहून दाखवा. ‘तुमच्या भाच्याला हे ठेवाल का?’ असं सरळ विचारा. उत्तर द्यायला ते अडखळले, तर पुढचा पर्याय घ्या.