कल्पना एकच, मग पेटंटं इतकी कशी?

तोंडात विरघळणारी गोळी ही कल्पना एकच, मग तिच्यावर इतक्या कंपन्यांना पेटंटं मिळतात कशी, असं तुम्ही विचारलंय. पेटंट नुसत्या कल्पनेवर मिळत नाही; ती साधणाऱ्या ठरावीक घडणीवर किंवा कृतीवर मिळतं. आणि इथे कृती खरोखरच निरनिराळ्या आहेत.

झायडिस या तंत्राने बनणारी गोळी पाहा. ती दाबून बनवतच नाहीत. जिलेटिन-मॅनिटॉलच्या द्रावणात औषध मिसळून ते थेट ब्लिस्टरच्या, म्हणजे गोळ्यांच्या पाकिटाच्या, खळग्यात ओततात, गोठवतात आणि निर्वातात बर्फाची सरळ वाफ करून टाकतात. बर्फाच्या जागी पोकळ्या राहतात, त्यांत लाळ शिरली की गोळी काही सेकंदांत गायब. म्हणूनच तिचं फॉइल सोलायचं असतं. मागून ढकललीत तर हाती भुगा येईल. ओरासॉल्व्ह या दुसऱ्या तंत्रात गोळी यंत्रावरच दाबतात, पण हलक्या हाताने, आणि आत फसफसणारं मिश्रण असतं. फ्लॅशडोझ या तिसऱ्या तंत्राने तर म्हातारीच्या केसांसारखे साखरेचे धागे काढले!

माझ्या मते खरी कसोटी चवीची. गोळी झटकन फुटायला हवी, पण कडू औषध जिभेवर सुटता कामा नये. नुसत्या गोडव्याने आणि सुगंधाने फार कडू औषध लपत नाही. मग औषधाच्या कणांवर युड्रॅजिट ई-सारख्या पॉलिमरचं कोटिंग देतात. ते पीएच ५ च्या खाली, म्हणजे आम्लात, विरघळतं. लाळ जवळपास उदासीन, त्यामुळे तोंडात ते टिकतं आणि जठरातल्या आम्लात सुटतं. कागदावर छान. प्रत्यक्षात गोळी दाबताना कोटिंगला चिरा पडतात आणि कडूपणा बाहेर येतो. थर जाड केला तर जीभ वाळू चाटल्यासारखी होते. आयन-विनिमय रेझिन (विद्युतभाराने औषध धरणारे कण) किंवा सायक्लोडेक्स्ट्रिन (कड्यासारखे साखरेचे रेणू) वापरून कडू रेणू धरून ठेवता येतो, पण डोस मोठा असला की गोळीचं वजन हाताबाहेर जातं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शनानुसार अशी गोळी साधारण ३० सेकंदांत फुटावी आणि ५०० मिलिग्रॅमहून जड नसावी.

पेटंट वाचताना सारांशावर जाऊ नका, दावे वाचा, म्हणजे नेमकं कशावर हक्क मागितलाय ती कलमं. पहिल्याच दाव्यात कणांचा आकार किंवा कोटिंगचं प्रमाण बांधलेलं असेल, तर संरक्षणाची हद्द मुख्यतः तीच. पण आकडा जरा बदलला म्हणजे सुटलो, असंही नाही. समतुल्यतेच्या मुद्द्यावर, म्हणजे तुमची कृती मुळात तीच आहे असं म्हणून, कोर्टात ओढलं जाऊ शकतं. मुदत अर्जापासून २० वर्षे. मात्र गोळीच्या घडणीचं पेटंट संपलं, तरी आतल्या कणांच्या कोटिंगचं वेगळं पेटंट चालू असू शकतं. तेही शोधून बघा.